संधिवाताचा हिशेब मांडणारे हिल

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना जडलेल्या क्षयाने तो मार्ग बंद झाला. १८९७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या हिल यांनी आजारपणातच पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि संख्याशास्त्राच्या दारातून वैद्यकात प्रवेश केला.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत, औषध कोणाला द्यायचे हे त्यांनी डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोपवले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ दगावले.

त्याच सुमारास कॉर्टिसोनने खिळलेले संधिवाताचे रुग्ण चालू लागल्याच्या वार्तेने जग भारावले. १९५० साली या संशोधनाला नोबेलही मिळाले. पण हा रोग मोठा लहरी. आपणहून ओसरतो, पुन्हा उसळतो. मग गुण औषधाचा की रोगाच्या लहरीचा? ब्रिटनमध्ये हिल यांच्याच पद्धतीने ६१ नव्या रुग्णांची कॉर्टिसोन आणि ॲस्पिरिन अशा दोन गटांत विभागणी झाली. मुठीची पकड, सांध्यांचा दुखरेपणा, हातांची चपळाई ठराविक काळाने मोजली गेली. वर्षअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही, हे १९५४ साली प्रसिद्ध झाले. नवलाईच्या औषधाला घरोघरच्या गोळीने बरोबरीत रोखले होते!

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावरील, रिचर्ड डॉल यांच्यासोबतच्या संशोधनाने त्यांची कीर्ती पुढे अधिक पसरली. १९६१ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९९१ साली ते निवर्तले. वैद्यकाची पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.