कोसीच्या पाण्यातील मासा आणि त्याला नाव देणारा सर्जन

इतवारी परिसरातील मासळी बाजारात रोहू, कटला आणि मृगळ विकत घेणाऱ्या नागपूरकरांना फ्रान्सिस बुकॅनन हॅमिल्टन हे नाव सहसा ठाऊक नसते. मात्र या तिन्ही माशांच्या शास्त्रीय नावांपुढे कंसात एकच नोंद आढळते : हॅमिल्टन, १८२२. हीच नोंद आणखी एका माशामागे आहे. जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे आडवे पट्टे असलेला हा मासा कोणी खात नाही. काचेच्या टाक्यांत शोभेसाठी पाळला जाणारा हा झेब्रा फिश आज जगभरच्या प्रयोगशाळांत भीती, चिंता आणि ताण यांच्या अभ्यासासाठी वापरला जातो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यातील आयसर आणि आघारकर संशोधन संस्था येथेही झेब्रा फिशवर विविध अंगांनी संशोधन झाले आहे.

फ्रान्सिस बुकॅनन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७६२ रोजी स्कॉटलंडमधील कॅलँडर येथे झाला. वडील वैद्यक व्यवसायात होते. १७८३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाल्यानंतर त्यांनी काही वर्षे व्यापारी जहाजांवर सर्जन म्हणून काढली आणि १७९४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत रुजू झाले. पेशा शस्त्रवैद्याचा असला तरी मन रमले ते वनस्पती आणि प्राण्यांत. १७९५ मध्ये ब्रह्मदेशातील आवाच्या दरबारी गेलेल्या शिष्टमंडळातही ते होते.

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी त्यांना म्हैसूर, कॅनरा आणि मलबारच्या पाहणीवर धाडले. १८०० आणि १८०१ या दोन वर्षांत ते गावोगाव हिंडले. योगायोग असा, की याच सुमारास संस्कृतचे अभ्यासक हेन्री कोलब्रुक कंपनीचे वकील म्हणून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी होते. कंपनीला प्रदेश हवा होता, महसूल हवा होता. पण तिच्या नोकरीतील काही माणसे त्या प्रदेशाच्या ज्ञानाच्या मागे लागली होती. दोन्ही गोष्टी एकाच पगारात होत होत्या, हे मात्र विसरता येत नाही.

त्यानंतर नेपाळ झाले, बराकपूरच्या प्राणिसंग्रहाची देखरेख झाली. १८०७ ते १८१४ अशी सात वर्षे त्यांनी बंगाल इलाख्याची पाहणी केली. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, गोरखपूर अशा जिल्ह्यांतून जमीन, पिके, जाती, धंदे, देवळे यांच्या नोंदी होत गेल्या. जिथे नदी लागेल तिथे मासे तपासले जात. स्थानिक लोकांत चालणारी नावे ते टिपून घेत, आणि पुढे तीच नावे थोड्या फेरफाराने लॅटिनमध्ये गेली. रोहिता, कटला, मृगला ही नावे अशीच आली. कोसी नदीतील चिमुकल्या पट्टेदार माशाला त्यांनी रेरिओ म्हटले. त्याच्या कुळाचे डॅनिओ हे नाव बंगालीतील धानी, म्हणजे भातशेतातला, या शब्दावरून आल्याचे सांगितले जाते. नावे देणारे ते लोक मात्र अनामिकच राहिले.

१८१४ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुखपद मिळाले, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि पुढच्याच वर्षी मायदेशी परतण्याची वेळ आली. येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंग घडला. भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली प्राण्यांची आणि वनस्पतींची चित्रे सोबत नेण्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा यांनी मज्जाव केला. ही चित्रे कंपनीची मालमत्ता ठरली आणि कोलकात्यात राहिली. वीस वर्षांच्या श्रमांचा डोळ्यांना दिसणारा पुरावाच हातून गेला.

स्कॉटलंडमध्ये आईकडील मालमत्तेच्या वारशासोबत त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतले. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरा येथून ३९ चित्रफलकांसह प्रसिद्ध झाला, तो याच आडनावाने. शंभरहून अधिक मासे त्यातून विज्ञानाला प्रथमच ज्ञात झाले. १५ जून १८२९ रोजी त्यांचे निधन झाले. बंगालच्या पाहणीचा अहवाल त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन यांनी तो संक्षेपाने प्रसिद्ध केला, तेव्हा मुखपृष्ठावर हॅमिल्टन यांना स्थान नव्हते. कोलकात्यातील मत्स्यचित्रांचा नीट अभ्यास डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर चित्रांच्या धन्याला जाऊन शंभर वर्षे झाली होती.

रेरिओचे भाग्य त्याहून उशिरा उघडले. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये या माशाचे जनुकीय प्रयोग प्रसिद्ध केले आणि तो प्रयोगशाळेचा लाडका झाला. त्याचा गर्भ पारदर्शक असतो, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येते. मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार असल्याचे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. ताणाच्या प्रसंगी त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हेच संप्रेरक प्रामुख्याने वाढते, जे माणसातही वाढते. उंदरात मात्र ते काम मुख्यतः दुसरे संप्रेरक करते.

चिंतेची चाचणी दिसायला अगदी साधी असते. मासा अनोळखी टाकीत सोडला, की तो थेट तळाशी जातो. इतवारीच्या गर्दीत प्रथमच आलेला परगावचा माणूस आधी दुकानाच्या पायरीशी उभा राहतो, तसेच हे. काही मिनिटांनी धीर आला की मासा वर येऊ लागतो. तळाशी किती वेळ गेला, किती वेळा तो थिजला, किती वेळा सैरावैरा धावला याची कॅमेऱ्याने नोंद होते. माणसांना चिंतेवर दिली जाणारी काही औषधे पाण्यात मिसळल्यास तो लवकर वर येतो. अर्थात तळाशी बसलेल्या माशाला माणसासारखी काळजी वाटते, असा त्याचा अर्थ नाही. नव्या औषधाची पहिली चाळणी म्हणून ही चाचणी उपयोगी ठरते, इतकेच.

प्रयोगशाळांतील मासे मात्र पिढ्यान्पिढ्या टाकीतच वाढलेले. त्यांना मूळ पाण्यातील शत्रू ओळखता येतो का, हे २००८ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी तपासले. त्यांच्यासमोर भारतीय नद्यांतील, वाळक्या पानासारखा दिसणारा शिकारी मासा दाखवण्यात आला. तो कधीही न पाहिलेले झेब्रा फिश त्याला पाहून बिचकले. त्या शिकाऱ्याचे शास्त्रीय नाव नंदस नंदस, आणि त्यापुढेही कंसात नोंद आहे ती हॅमिल्टन, १८२२ अशीच.