कुरणापर्यंत शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी जोडगावे वसलेली आहेत. रोह्याचे नाव निघाले की चिंतामणराव देशमुखांसारख्या प्रकांड विद्वानाचे स्मरण होते. मात्र या विद्येच्या गावापासून थोडे आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाड्यांकडे वळले की चित्र बदलते. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पुढचा पाऊस तोंडावर आल्यावर परततात. मुलेही आईवडिलांबरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव राहते, मूल राहत नाही. वरच्या वर्गात गेलेल्या अशा मुलाच्या हाती पुस्तक दिले, तर खालच्या इयत्तेतला सोपा धडाही त्याला वाचता येत नाही.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर काय करायचे, हा प्रश्न नवा नाही. कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यात, एका स्त्रीने सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी तो हाती घेतला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आयुष्याची उर्वरित वर्षे वेचली. पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. त्यांचे कार्य मात्र बालवाडी या एका शब्दात आटोपले जाते. म्हणून त्यांचा जीवनपट थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्हांस वाटले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात त्या वाढल्या. मुलींना अक्षरओळखीपुरते शिकवून थांबवण्याच्या त्या काळात त्यांनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढे अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. लहान मुलीची जबाबदारी आणि समाजाची नजर सांभाळत त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा मार्ग धरला. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्या झाल्या. मानाचे पद होते, वेतनही निश्चित होते.

याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी चालवलेल्या बालमंदिराची वार्ता त्यांच्या कानी आली. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या वाचनात मारिया मॉन्टेसरींचे ग्रंथ आले आणि त्यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाईंनी प्राचार्यपदाचा त्याग केला आणि १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी म्हणून दाखल झाल्या.

मारिया मॉन्टेसरी या आपल्या कॅथलिक परंपरेतील विदुषी. पेशाने डॉक्टर असलेल्या मॉन्टेसरींनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूप्रकटीकरणाच्या दिवशी उघडले. तेथे त्यांनी मुलांना खरबरीत कागदातून कापलेली अक्षरे दिली. मूल त्या अक्षरावरून बोट फिरवी आणि त्याच वेळी त्याचा आवाज उच्चारी. डोळा, कान, जीभ आणि बोट अशी चारही द्वारे एकाच अक्षराकडे उघडली जात. त्यानंतर सुटी अक्षरे जुळवून मूल शब्द तयार करी. चार-पाच वर्षांची मुले या वाटेने आधी लिहू आणि मग वाचू लागली. मुलाचे निरीक्षण करावे, दिसेल ते नोंदवावे आणि त्यानुसार पद्धत बदलावी, ही मॉन्टेसरींची शास्त्रीय शिस्त होती.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. आपल्या मुलांसाठी तिला आपल्या गोष्टी, गाणी, सण आणि खेळ यांची जोड दिली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. दोघांनी मिळून मुलांसाठी पुस्तके रचली. पालक आणि शिक्षक यांच्यासाठी शिक्षणपत्रिका हे मासिक निघाले. पुढे मराठी शिक्षणपत्रिकेची धुरा ताराबाईंनी वाहिली. छडीच्या धाकाने घोकंपट्टी करून घेणाऱ्या शाळांच्या काळात मूल हे स्वतंत्र व्यक्ती आहे, असे सांगणे धाडसाचे होते. १९३६ साली त्या मुंबईस परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. शिक्षिका घडू लागल्या, सुशिक्षित कुटुंबांतील मुले आनंदाने शिकू लागली. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि या चळवळीचा मोठा भार ताराबाईंवर आला.

दादरच्या यशात समाधान मानून त्या थांबल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. मात्र त्यांना एक गोष्ट बोचत होती. मॉन्टेसरींनी आपला प्रयोग गरिबांच्या वस्तीत केला होता. आपल्याकडे तो सुखवस्तू घरांत अडकून पडला होता. महागडी साधने, प्रशस्त खोल्या, शहरी शिक्षिका हे सर्व खेड्यातील मुलाच्या वाट्याला कधी येणार? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. बालवयात विवाह होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते आणि पुण्यात शिक्षिका म्हणून काम केले होते. गुरुशिष्येची ही जोडी पुढे अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत पहिला धडा मिळाला तो या दोघींनाच. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतात, असे नव्हते. आई मजुरीला गेली की मोठे भावंड धाकट्याला सांभाळत असे. त्याला शाळेत कोण पाठवणार? तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून शाळेची सुरुवात होई. अंगणवाडी ही कल्पना अशी गरजेतून रुजली. विकत आणायची साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पाने, काड्या, खडे यांतून मोजणे, जुळवणे, आकार ओळखणे सुरू झाले.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या वस्तीत गेले. तेथील मोठी मुले दिवसभर गुरे राखत. त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागला. गुरे चरत आणि मुले झाडाखाली शिकत. ही ती प्रसिद्ध कुरणशाळा. पुढे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असले म्हणजे थोरली बहीण वर्गात बसू शकते, हे साधे सत्य त्यामागे होते. पुढे अनेकांनी या कार्यापासून धडे घेतले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. योगायोग असा की, ३१ ऑगस्ट हाच मॉन्टेसरींचा जन्मदिवस. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ साली आपल्या निधनापर्यंत चालवले.

ताराबाईंच्या चरित्राकडे आज पाहताना आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचे नाव घेऊन काही जण म्हणतात की, मूल आनंदात असले म्हणजे वाचन आपोआप येते. दुसरे काही जण तीन वर्षांच्या बालकाच्या हाती पेन्सिल देऊन पाने भरून घेतात. ही दोन्ही टोके चुकीची आहेत. वाचनावर गेल्या काही दशकांत जगभर पुष्कळ संशोधन झाले. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली आपला अहवाल दिला. शब्दातील सुटे ध्वनी ओळखणे, ध्वनी आणि अक्षर यांची क्रमवार सांगड, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन या पाच गोष्टी जाणीवपूर्वक शिकवाव्या लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. बोलणे निसर्गतः येते. वाचन शिकवावेच लागते. गोष्टी-गाण्यांनी जमीन तयार होते, पण पेरणी करावी लागते. मॉन्टेसरींची खरबरीत अक्षरे ही अशीच पद्धतशीर पेरणी होती.

आपल्या लिपीला हे कसे लागू पडते? देवनागरीत तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर मुलासमोर चारशेच्या आसपास रूपे उभी राहतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. जुन्या रीतीत सर्व मुळाक्षरे संपल्यावर बाराखडी आणि बाराखडी संपल्यावर शब्द येत. वीटभट्टीवर जाणारे मूल तोवर वर्गातून नाहीसे झालेले असते. म्हणून आता मोजकी अक्षरे आणि एकदोन स्वरचिन्हे यांचा छोटा गट घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये वाचायला देण्यावर भर दिला जातो. पहिल्या आठवड्यांतच मुलाला स्वतः वाचल्याचा आनंद मिळतो.

शुद्धलेखनाचेही तसेच. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावल्याने हात दुखतो, चूक सुटत नाही. शब्द सावकाश उच्चारावा, त्याचे अक्षरगट टाळ्या वाजवून वेगळे करावेत, एकेक लिहावा आणि मूळ शब्दाशी आपणच ताडून पाहावा. इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ, न आणि ण, श आणि ष यांच्या जोड्या समोरासमोर ठेवून शिकवाव्यात. सोबत मुलाला आपल्या मनातले दोन शब्द लिहू द्यावेत.

याहून नाजूक प्रश्न घरच्या भाषेचा. कातकरी मुलाची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. मुरूड तालुक्यातील कोर्लई येथील आपले कॅथलिक बंधुभगिनी घरी पोर्तुगीजपासून उपजलेली बोली बोलतात आणि त्यांची मुले शाळेत मराठीत शिकतात. जो शब्द कधी ऐकलेलाच नाही, तो अक्षर जुळवून वाचला तरी अर्थ लागत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता; परंतु फिलिप शेजारी बसून उलगडून सांगेपर्यंत त्याला अर्थ कळला नव्हता. मुलाची बोली हसण्यावारी न नेता तिच्यातून पुस्तकी मराठीकडे नेणारा असा फिलिप प्रत्येक वर्गात हवा.

शासनाने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. इयत्ता तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे ध्येय असून त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवण्यात आले. अशा घोषणा वर्गापर्यंत पोहोचवायला माणसे लागतात. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत, धर्मभगिनी आहेत, सुटीत मोकळे असलेले युवक आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना मुखोद्गत असलेले मूल शुभवर्तमानातील चार ओळी वाचू शकते का, हे एकदा मायेने पाहावे. ज्या मुलाला जमत नाही, त्याला रागावू नये. रोज वीस मिनिटे त्याच्याजवळ बसावे, एक गोष्ट वाचून दाखवावी, चार अक्षरे शिकवावीत आणि त्यांतून एक शब्द वाचून घ्यावा. आईवडील निरक्षर असले तरी मुलाकडून रोज गोष्ट ऐकणे त्यांनाही शक्य आहे.

ताराबाई आपल्या धर्माच्या नव्हत्या. पण लेकरांना जवळ येऊ द्या, त्यांना अडवू नका, ही प्रभू येशूची शिकवण त्यांच्या कृतीत आम्हांस दिसते. त्या तर लेकरांची वाट पाहत न बसता त्यांच्याकडे चालत गेल्या. रायगड आणि पालघरच्या वाड्यापाड्यांवर आजही जी मुले पटावर आहेत आणि पुस्तकापासून दूर आहेत, त्यांच्याकडे चालत जाण्याचे बळ परमेश्वर आपल्या शिक्षकांना, पालकांना आणि युवकांना देवो, ही प्रार्थना.