मलिक अंबर आणि आमच्या पालीची पडीक जमीन

मलिक अंबर म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे शाळेच्या इतिहासातला गनिमी कावा आणि दुसरी म्हणजे सहलीत पाहिलेली पाणचक्की. त्यातली पाणचक्की तर त्याची नव्हेच! ती त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १७४४ च्या सुमारास उभी राहिली. मलाही याच्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. खरी ओळख झाली ती फायनल इयरच्या प्रोजेक्टमुळे.

माझं गाव पाली. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की आधी खजाना विहीर लागते आणि मग पाली. बिंदुसरा नदीवरचं १९५० च्या दशकातलं मातीचं धरण आमच्या गावाजवळच आहे. आम्ही चौघांनी विषय घेतला तो धरणाच्या वरच्या अंगाच्या जमीन-वापराचा. उपग्रहाचं चित्र मिळवलं, कॉम्प्युटरवर रंग भरले, हिरवं म्हणजे पीक, निळं म्हणजे पाणी, पिवळं म्हणजे पडीक. नकाशा इतका देखणा झाला, की सबमिशन झाल्यातच जमा आहे असं वाटलं. पण सरांनी सही केली नाही. आधी गावात जाऊन एकेक तुकडा पाहून या, म्हणाले.

डिसेंबरात गेलो. गल्लीतल्या आबांना सोबत घेतलं. त्यांनी आमचा नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि पिवळ्या रंगावर बोट ठेवलं. पहिला तुकडा चांगल्या जमिनीचा, पण घरची सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली, म्हणून रब्बी पेरलीच नव्हती. दुसऱ्या तुकड्याची विहीर आटली होती. तिसरं होतं गायरान, तिथे गुरं चरत होती. तीन जमिनी, तीन कारणं आणि आमचा रंग एकच! आबांनी मग सरळ विचारलं, की हा कागद उद्या कुठल्या साहेबाच्या टेबलावर गेला तर तो आमच्याबद्दल काय समजणार? चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

परत आल्यावर हे सरांना सांगितलं. ते हसले. जमिनीचा कागद आणि जमिनीवरचा माणूस यांची गाठ घालायची धडपड या मुलखात चारशे वर्षांपूर्वी एकाने केली होती, असं म्हणून त्यांनी मला लायब्ररीत पिटाळलं. तो माणूस म्हणजे मलिक अंबर.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू असल्याचं सांगतात. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला, तोही एकदा नव्हे, अनेकदा. अरबस्तानातून तो बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाला या पोराची हुशारी दिसली. त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं ते अहमदनगरच्या निजामशाहीचा दिवाण चंगीझखान याने. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतःच हबशी आणि एके काळचा गुलाम! राज्याचा हिशेब कसा चालतो, पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, हे अंबरने या मालकाच्या पदरी पाहिलं. १५७० च्या दशकाच्या मध्यावर चंगीझखान गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

मोकळा झाला म्हणजे नशीब उघडलं असं काही नाही. पुढची वीसेक वर्षं तो साधा नोकरीपेशाचा शिपाई होता. काही काळ विजापूरला होता. मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. १५९५ च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याचं वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं होतं. आपल्याकडे पंचविशीत प्लेसमेंट झालं नाही तर आयुष्य संपलं असं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडालं असंच सगळे धरून चालले होते. पण अंबरने घोडेस्वार जमवले, निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. परांडा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं, आमच्या बीडच्या शेजारचंच. राजू दखनी नावाचा दुसरा सरदार त्याचा प्रतिस्पर्धी होता. त्यालाही त्याने बाजूला केलं. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि जुन्नरहून दौलताबादला गेली. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं. हेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहाजीराजांसारखे मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर सलत राहिला. अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारताना स्वतःचं चित्र जहांगीरने काढून घेतलं होतं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही!

पण मला सरांनी लायब्ररीत पाठवलं होतं ते लढायांसाठी नव्हे. फौज पोसायची तर सारा हवा. आणि सारा गोळा व्हायचा इजाऱ्याने. म्हणजे एखादा धनिक सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ देणार आणि मग परगण्यातून जमेल तितकं ओरबाडून घेणार. पाऊस पडला का, पेरा झाला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आकडा कागदावर आधी, शेत नंतर. अशाने गाव उठून जातं आणि गाव उठलं की पुढच्या वर्षी साराही नाही.

अंबरने हा इजारा बंद केला. जमिनीची प्रतवारी लावली. सुपीक जमीन आणि हलकी जमीन एकाच तराजूत तोलली जाणार नाही हे पाहिलं. आपल्याकडे काळी आणि मुरमाड यांत किती फरक पडतो ते मी सांगायला नको. सारा ठरवायचा तो प्रत्यक्ष पिकलेल्या मालावर. सुरुवातीला तो धान्यात घेत. हिस्सा साधारण दोन पंचमांश होता असं इतिहासकार सांगतात. काही हंगामांचा अनुभव गाठीला आल्यावर त्याने हा वाटा रोख रकमेत बदलला आणि ही रक्कम उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावी असं मानतात. महत्त्वाचं म्हणजे रोखीतला साराही लागवडीप्रमाणे दरवर्षी ठरायचा. ज्या वर्षी पेरा कमी, त्या वर्षी मागणी कमी. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यातही या बंदोबस्ताचं वर्णन आहे.

दुसरी गोष्ट गावाची. पाटील-कुलकर्णी यांची विस्कटलेली व्यवस्था त्याने पुन्हा उभी केली आणि साऱ्याची जबाबदारी गावावर टाकली. कसणाऱ्याला जमिनीवर वंशपरंपरेचा मिरासी हक्क दिला. ज्याची जमीन त्याच्या पोराकडे जाणार, तोच बांध घालणार, विहीर खणणार. पडीक आणि चराऊ रान गावाच्या सामाईक मालकीचं मानलं. हे वाचलं आणि मला आबांचं बोट आठवलं. आम्ही ज्या गायरानाला पिवळा रंग फासला होता, ते या हिशेबात कुणाचंच नसलेलं रान नव्हतं, सगळ्यांचं होतं.

ही पद्धत मलिकंबरी या नावाने त्याच्या मागेही टिकली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची घडी बसवताना दादोजी कोंडदेवांनी तीच पुढे चालवली असं सांगतात. माणूस गेला, राज्य गेलं, पण सारा ठरवायची रीत राहिली. आपल्या किती प्रोजेक्टचं असं होतं?

आता आपल्या सिव्हिलवाल्यांच्या आवडीचा भाग. खडकीला पाणी हवं होतं. जवळची खाम नदी उन्हाळ्यात आटायची. अंबरने शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी नहरीत गोळा केलं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. नहरीवर ठरावीक अंतराने उभ्या विहिरींसारखी तोंडं, आत उतरून गाळ काढायला आणि हवा खेळायला. पाणी जमिनीखालून गेल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात वाफ होऊन उडून जात नाही. उतार जास्त झाला तर पाणी नहर खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल करताना आपली बंद सर्किटची चूक दर वेळी मर्यादेबाहेर जाते हे आठवून पाहा, म्हणजे त्या कारागिरांची किंमत कळेल. या कामाला नावं ठेवणारे दरबारी तेव्हाही होते म्हणे. ही नहर नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते.

हे तंत्र निजामशाही मुलखात आधीपासून होतं. पालीला जाताना लागणारी खजाना विहीर ही सोळाव्या शतकातली, म्हणजे अंबरच्या कारभाराच्या आधीची. तिच्यातही भुयारी वाटांनी पाणी येतं आणि दुसऱ्या वाटेने खालच्या रानाला जातं. लहानपणापासून मी एसटीच्या खिडकीतून ती जागा पाहत आलोय. एकदाही उतरलो नव्हतो. प्रोजेक्टच्या निमित्ताने पहिल्यांदा उतरलो, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

पण अंबरला देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. त्याचा गनिमी कावा म्हणजे शत्रूची रसद तोडणं. रसद म्हणजे अखेर कुणाच्या तरी शेतातलं धान्य आणि कडबा. ज्या गावांना त्याने मिरासी हक्क दिला त्याच गावांवरून दोन्हीकडच्या फौजा जात-येत राहिल्या. १६१६ मध्ये जालन्याकडच्या लढाईत तो हरला तेव्हा मोगलांनी त्याची खडकी जाळली. आणि १६२४ ची भातवडीची लढाई तर आपण अभ्यासायलाच हवी. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र होऊन नगरजवळ भातवडीला आल्या होत्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूची छावणी पाण्यात आणि चिखलात सापडली आणि अंबर जिंकला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले. विजय मोठा, पण तलाव फुटला तो फुटलाच. पाणी कुठे थांबतं आणि कुठून सुटतं हे ज्याला कळतं, तो नहर बांधू शकतो आणि बांधही फोडू शकतो. १९८९ साली बिंदुसरेला आलेल्या पुराच्या आठवणी आमच्याकडे अजून सांगतात. म्हणून हे वाचताना मला विजयाचा आनंद फारसा झाला नाही.

भातवडीनंतर दोनच वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात, साधारण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मलिक अंबर गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्याला तो आयुष्यभर पुरून उरला, त्या मोगल दरबाराच्या इतिहासकारानेही त्याच्या कर्तबगारीची नोंद केली. मुलगा फतेहखान याला मात्र हा पसारा पेलला नाही. त्यात १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली.

आमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही पिवळा रंग काढून टाकला. त्याच्या जागी तीन वेगळ्या खुणा केल्या: माणसं बाहेरगावी, पाणी नाही आणि गायरान. प्रत्येक तुकड्यापुढे पडीक का, असा एक रकाना वाढवला आणि तो भरायला आणखी चार चकरा मारल्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांचे रकाने लगेच भरता आले नाहीत. ती माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला परतली तेव्हा पुन्हा गेलो. व्हायव्हा तोपर्यंत उरकला होता आणि मार्क बेताचेच पडले. पण पुरा झालेला नकाशा मी पालीला नेऊन आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश पाहिला, दोन ठिकाणच्या चुका काढल्या आणि कागद घडी घालून स्वतःजवळ ठेवून घेतला.

पुढच्या बॅचला एकच सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणी ना कुणी उद्या रस्त्याचा, धरणाचा नाहीतर वसाहतीचा नकाशा करणार. त्यातला पिवळा तुकडा रंगवण्याआधी एकदा तिथे जाऊन या. आणि बीडला आलात तर सोलापूर रस्त्यावर उतरून खजाना विहीर बघा. तिथून पाली लांब नाही, जेवायला आमच्याकडे या!