पक्षितज्ज्ञ सलीम अली

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात हिवरा आश्रमापासून लोणारपर्यंतच्या शिवारांत विहिरीवर वाकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. वाऱ्याने ते झुलतात, पावसात भिजतात. परंतु तुटून पडत नाहीत. चोच हेच ज्याचे एकमेव हत्यार, त्या एवढ्याशा पाखराने इतकी घट्ट वीण कशी घातली असेल, याचे नवल आपल्या लोकांना फार पूर्वीपासून वाटत आले आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांनी तर या खोप्यावर केलेली कविता घराघरांत पोहोचली. तथापि, या पाखराच्या प्रपंचाचे खरे रहस्य प्रथम उलगडले, ते कोकणातील किहीम या समुद्रकाठच्या गावी, १९३० सालच्या पावसाळ्यात. ते उलगडणारे गृहस्थ त्या वेळी चौतिशीच्या घरात होते. त्यांच्या पदरी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि हाताशी नोकरीही नव्हती. त्यांचे नाव सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील मोइझुद्दीन वारले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतउन्निसा यांचेही निधन झाले. या पोरक्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतील घरी आणले. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. पण नातेवाइकांच्या मुलांनी ते घर सदैव गजबजलेले असे. मामांना शिकारीचा छंद होता. त्या काळच्या सुखवस्तू घरांतून तो प्रतिष्ठेचाच समजला जाई. त्यांनी भाच्याला एक छर्‍याची बंदूक दिली आणि मुलगा चिमण्यांच्या मागे लागला.

सलीम दहा वर्षांचा असताना त्याच्या छर्‍याने एक चिमणी पडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या घरचिमणीला असा डाग नसतो. मामांनाही ती ओळखता येईना. तेव्हा त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. ही संस्था मुंबईत १८८३ साली स्थापन झाली होती आणि मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ तिचे कार्यवाह होते. साहेबाच्या दारात जायचे म्हणून मुलगा बिचकतच गेला. मिलार्ड यांनी मात्र त्याला जवळ बसवून घेतले, पक्षी ओळखून त्याची जात सांगितली आणि कपाटांचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले. पक्ष्यांची कातडी कशी सोलावी, कशी भरावी, तिच्यावर नोंदीची चिठ्ठी कशी बांधावी, हे सारे पुढे तो तेथेच शिकला. एखाद्या अनोळखी मुलाशी मोठ्या माणसाने आदराने बोलावे, ही गोष्ट दिसते तितकी लहान नसते.

शाळेत मात्र सलीमचे फारसे तेज पडले नाही. डोकेदुखीच्या विकाराने शाळेत खंड पडे. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढे महाविद्यालयात गणिताने त्याला जेरीस आणले, तेव्हा १९१४ साली शिक्षण अर्धवट टाकून तो ब्रह्मदेशातील तव्हाय येथे गेला. तेथे त्याच्या घराण्याचा वुल्फ्राम धातूच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. भोवती घनदाट अरण्य आणि त्यात नाना जातींचे पक्षी, मग हिशेबाच्या वहीत मन कसे रमावे? १९१७ साली सलीम अली मुंबईला परतले. त्यांनी व्यापारी शिक्षण घेण्यास प्रारंभ केला; परंतु सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पक्षिशास्त्रज्ञाच्या जागेसाठी त्यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे खटपट केली. तेथे पदवीची अट आडवी आली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्या निसर्गविभागात येणाऱ्यांना माहिती सांगण्याची नोकरी त्यांना मिळाली. वेतन दरमहा ३५० रुपये. त्या काळी हे वेतन चांगलेच होते. पण दोन वर्षांत त्यांना त्या कामाचा कंटाळा आला. पक्षिशास्त्र शास्त्रशुद्ध रीतीने शिकावे म्हणून १९२८ साली रजा काढून ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली राहिले. श्ट्रेझेमान यांना ते पुढे जन्मभर गुरू मानीत. मेलेल्या पक्ष्याचे पीस मोजणे हे अर्धेच शास्त्र होय. जिवंत पक्षी कसा वागतो आणि का वागतो, हे पाहणे हे उरलेले अर्धे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

१९३० साली ते परतले, तो पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! दुसरी नोकरी दिसेना. घरच्या वडीलधाऱ्यांना चिंता वाटावी हे स्वाभाविकच होते. पाखरे पाहून कोणाचे पोट भरले आहे? सलीम अलींनी कुठल्यातरी पेढीत कारकुनी पत्करली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु तेहमीनाबाईंनी तसा आग्रह धरला नाही. मुंबईतला खर्च झेपेना, म्हणून दोघे किहीम येथे आप्तांच्या घरी राहावयास गेले. अलिबागच्या उत्तरेस असलेले हे गाव माडांचे आणि भातखाचरांचे. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीचा तो पावसाळा सलीम अलींनी या पक्ष्यांकडे टक लावून पाहण्यात घालविला.

त्यांनी काय पाहिले ते सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. कारण आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण असे बाईचे नाव देऊन खोप्याचे सारे श्रेय मादीच्या पदरी टाकले आहे. वस्तुतः खोपा विणतो तो नर. एरवी नर आणि मादी दोघेही चिमणीसारखे मातकट दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी मात्र नराच्या माथ्याला आणि छातीला झळझळीत पिवळा रंग चढतो. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला तो कडेशी चोचीने खाच पाडतो आणि तेथून टोक धरून उडतो, म्हणजे एक लांब अरुंद पट्टी सोलून निघते. अशा पट्ट्यांच्या शेकडो खेपा तो घालतो. आधी फांदीला पीळ देऊन देठ बांधतो, मग कडे, मग कड्यावर घुमट. या अवस्थेत खोपा उलट्या शिरस्त्राणासारखा दिसतो आणि येथवर येण्यास सुमारे आठ दिवस लागतात. आतल्या बाजूस नर ओल्या मातीचे गोळे लिंपतो. त्या मातीत काजवे खोचून सुगरण रात्री दिवा लावते, अशी गोड लोकसमजूत आहे. त्यातली माती तेवढी खरी.

आणि येथे नर थांबतो. वसाहतीत माद्यांचा थवा उतरतो, तशी सर्व नरांची एकच धांदल उडते. अर्धवट खोप्यांना लोंबकळून ते पंख फडफडवितात, किलबिलाट करतात. मादी या खोप्यातून त्या खोप्यात शिरते, आतून चोचीने ओढून पाहते, बाहेर येते, दुसरीकडे जाते. एखादे घर तिच्या मनास आले तरच ती तेथे राहते. मग नर अंड्यांची जागा आणि खाली लोंबणारी नळी विणून काम पुरे करतो. नापसंत खोपे तसेच अपुरे राहतात. विहिरीवर असे अर्धे खोपे पाहून तो नराचा झोपाळा आहे, असे पूर्वी लोक म्हणत. प्रत्यक्षात ती नाकारलेली घरे असतात.

मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते, सुमारे पंधरवडाभर ती उबविते आणि पिलांना भरविण्याचा भारही बहुतांशी तीच वाहते. नर तोवर काय करीत असतो? सलीम अलींना आढळलेली नवी गोष्ट हीच. पहिली मादी अंड्यांवर बसली, की नर जवळच दुसरा खोपा विणू लागतो आणि त्यात दुसरी मादी येते. जमल्यास तिसरीसाठीही तो घर बांधतो. म्हणजे एका हंगामात एकामागून एक असे त्याचे अनेक संसार होतात. कोणत्या खोप्यात कोण शिरले आणि पुढे काय झाले, याची दिवसामागून दिवस टिपणे ठेवल्याखेरीज ही गोष्ट ध्यानात येणे शक्यच नव्हते. हा अभ्यास १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत झाले. नोकरी टिकली असती तर हा पावसाळा त्यांना लाभला असता की नाही, कोण जाणे!

नोकरी नव्हतीच, तेव्हा त्यांनी एक मार्ग काढला. निरनिराळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी अद्याप झालेली नव्हती. वेतन नको, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च तेवढा द्यावा, अशा बोलीवर त्यांनी ते काम अंगावर घेतले. प्रारंभ १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानापासून झाला. मराठवाडा त्या काळी याच संस्थानात मोडत असे. पुढे कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी संस्थाने त्यांनी पायांखाली घातली. तेहमीनाबाई बहुधा बरोबर असत. बैलगाडीचा प्रवास, डाकबंगल्यातील किंवा तंबूतील मुक्काम, डास, हिवताप हे सारे त्यांनी आनंदाने सोसले. सलीम अलींच्या कीर्तीतील या वाट्याची दखल घ्यावी तितकी घेतली गेलेली नाही.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीनाबाई अकस्मात वारल्या. एकवीस वर्षांचा सहवास संपला. त्यांना मूलबाळ नव्हते. सलीम अली मोडून गेले. बहीण कामू आणि मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि त्यानंतर ते त्यांच्याच आश्रयाने राहिले. ज्याला लहानपणी मामांनी घर दिले, त्याला प्रौढपणी बहिणीने दिले. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. अभ्यास आणि भ्रमंती यांतच त्यांनी स्वतःला बुडवून घेतले.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाने चित्र पाहून पक्षी ओळखावा, अशी त्याची सोपी मांडणी होती आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा कोश त्यांनी १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केला. तो पुरा झाला तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीत होते. मधल्या काळात कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांची वसाहत त्यांनी पाहिली, आणि नाहीसा झाला असे वाटणारा सुगरणीचाच एक दुर्मीळ भाईबंद कुमाऊँच्या तराईत पुन्हा शोधून काढला.

त्यांच्या हातून पक्षी मारलेही गेले, हे लपविण्याचे कारण नाही. संग्रहालयातील नमुन्यांशिवाय पक्ष्यांच्या जाती निश्चित करता येत नाहीत, असे त्यांचे मत होते आणि पाहणीच्या काळात त्यांनी पुष्कळ पक्षी टिपले. परंतु मौजेखातर किंवा हावेपोटी होणारा संहार त्यांना असह्य वाटे. भरतपूरचे सरोवर ही एके काळी संस्थानिकांच्या बदकशिकारीची जागा होती; ते पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून त्यांनी मोठी खटपट केली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. ते अरण्य वाचले.

मानसन्मान उशिरा आले, पण रीघ लावून आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, त्याच वर्षी पन्नास हजार डॉलरचा पॉल गेटी पुरस्कार. ही रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस देऊन टाकली. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना पुढे विद्यापीठांनी सन्मान्य पदव्या दिल्या. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात त्यांनी छर्‍याने पडलेल्या त्या चिमणीची आठवण ठेवली आहे.

२० जून १९८७ रोजी, पावसाळ्याच्या आरंभी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते नव्वद वर्षांचे होते. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी १९९० साली कोइमतूर येथे स्थापन झालेल्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्यातील अखेरचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिन. त्या सुमारास सुगरणीच्या नराचा पिवळा रंग उतरलेला असतो, आणि तो थव्यात मिसळला की ओळखूही येत नाही. बाभळीवर रिकामे खोपे मात्र झुलत असतात, काही पुरे, काही अर्धे.