मेलबर्नचे चार गोल

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा आशियातील पहिला खेळाडू जपानचा नव्हता, कोरियाचाही नव्हता. तो गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगावचा होता. ३ जुलै १९३२ रोजी जन्मलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी मेलबर्नमध्ये जो पराक्रम केला, त्याच्या आसपास भारताचा दुसरा आघाडीवीर त्यानंतर पोहोचू शकलेला नाही. तरीही कुस्ती आणि क्रिकेटवर पोसलेल्या जळगाव-धुळ्याच्या क्रीडारसिकांच्या कानावर हे नाव क्वचितच पडले असेल.

डिसूझा यांच्या जन्माच्या वेळी आसगाव पोर्तुगीज अमलाखाली होते. उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरणे ही गोव्यातील अनेक पिढ्यांची रीत. डिसूझा यांचा खेळही मुंबईतच बहरला. व्यावसायिक फुटबॉल त्या काळी देशात नव्हते. मोठ्या कंपन्या गुणी खेळाडूंना नोकरी देत आणि आपल्या संघात खेळवत. डिसूझा टाटांच्या संघाचे मध्य आघाडीवीर होते. मुंबई फुटबॉलचा तो भराचा काळ. १९५४ मध्ये मुंबईने संतोष करंडक जिंकला होता आणि कूपरेजच्या मैदानावरील सामन्यांना तुडुंब गर्दी होत असे.

याच सुमारास गोवामुक्तीचा लढा पेटला होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. जन्मगाव परकीय सत्तेच्या ताब्यात असताना डिसूझा यांनी स्वतंत्र भारताचा गणवेश अंगावर चढवला होता.

ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉलची पूर्वपीठिका फारशी उत्साहवर्धक नव्हती. १९४८ मध्ये लंडनला फ्रान्सने भारताला २-१ असे हरवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. त्यामुळे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी बांधलेल्या मेलबर्नच्या संघाकडून कुणालाच मोठी आशा नव्हती. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार होते. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली आणि १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली.

नवव्या मिनिटाला बॅनर्जी यांचा फटका गोलखांबावर आदळून परतला. डिसूझा यांनी झेपावून तो डोक्याने जाळ्यात धाडला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी उजव्या बगलेवरून दिलेल्या चेंडूवर डिसूझा यांनी दुसरा गोल केला. यजमानांनी पुन्हा बरोबरी साधली. ५०व्या मिनिटाला डिसूझा यांनीच तिसरा गोल केला. अखेरीस कृष्णा किट्टू यांनी चौथ्या गोलची भर घातली आणि भारत ४-२ असा विजयी झाला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. ४ डिसेंबरच्या त्या सामन्यात मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. ५२व्या मिनिटाला डिसूझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. चार वर्षांपूर्वी दहा गोलांनी तुडवणाऱ्या संघाविरुद्ध भारत पुढे होता! हा आनंद मात्र क्षणिक ठरला. पुढच्या पंधरा मिनिटांच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल चढवले आणि भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत ७ डिसेंबरला बल्गेरियाने ३-० अशी मात केली. डिसूझा यांच्या नावावर स्पर्धेत चार गोल लागले. स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान त्यांनी युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोव्हिच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांच्याबरोबर वाटून घेतला.

पदक हुकले आणि त्याबरोबर कौतुकही हुकले. ६ डिसेंबरला भारताने पाकिस्तानला नमवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मेलबर्नमध्ये कांस्यपदकाचा सामना सुरू असताना मुंबई बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेच्या तयारीत शोकाकुल झाली होती. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलनही धगधगत होते. अशा आठवड्यात फुटबॉलमधील चौथ्या क्रमांकाकडे कुणाचे लक्ष जाणार? दूरचित्रवाणीही नव्हती. हे गोल देशाने पाहिलेच नाहीत.

पुढे डिसूझा कॅलटेक्सच्या संघात आले. या संघाने १९५८ मध्ये रोव्हर्स करंडक पटकावून मुंबईची मान उंचावली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि आसगावही भारतात आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराचे फुटबॉलमधील पहिले मानकरी मेलबर्नचेच त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी ठरले. पुढे तुलसीदास बलराम यांनाही हा मान मिळाला. ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोलांचा वाटेकरी असलेल्या डिसूझा यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर २०२४ पर्यंत भारतीय फुटबॉल संघाला ऑलिम्पिकचे दार उघडता आलेले नाही. रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मेलबर्नच्या संघाची आठवण पुन्हा निघाली. पण तोवर डिसूझा यांच्या निधनाला चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. भारतीय फुटबॉलने जगाच्या मंचावर गाठलेली सर्वोच्च पायरी आजही तीच चौथ्या क्रमांकाची आहे, आणि त्या पायरीपर्यंत संघाला नेणाऱ्या पाच गोलांपैकी चार आसगावच्या या खेळाडूचे आहेत.