आईन्स्टाईन यांना आलेला राग

गेल्या अंकासाठी दिलेला माझा लेख मॅडमनी लाल खुणा करून परत केला, तेव्हा मला भयंकर राग आला होता. लेख दुसरीकडेच पाठवायचा, असं मी ठरवूनही टाकलं. त्याच आठवड्यात लायब्ररीत अल्बर्ट आईन्स्टाईन यांचं चरित्र हाती लागलं आणि कळलं, की हा राग थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही.

आईन्स्टाईन यांचा जन्म १४ मार्च १८७९ चा, जर्मनीतल्या उल्म गावचा. शिक्षण झालं तरी प्राध्यापकी मिळेना, म्हणून १९०२ मध्ये ते बर्नच्या पेटंट कचेरीत लागले. तिथे नोकरी करता करताच १९०५ साली त्यांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. पुढे नोबेल मिळालं, जगभर नाव झालं.

१९२४ साली ढाक्याहून त्यांच्याकडे एक इंग्रजी लेख आला. पाठवणारे होते सत्येंद्रनाथ बोस, तिशीतले अध्यापक. आईन्स्टाईन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये आणला आणि छापायला दिला, तो एकट्या बोस यांच्या नावाने. आपण फक्त अनुवादक. पुढे त्याच विचारावर त्यांनी स्वतःचं काम उभारलं, पण मूळ कल्पना कोणाची हे लपवलं नाही.

हेच आईन्स्टाईन १९३६ साली चिडले. तोवर ते अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. नेथन रोझेन यांच्यासोबत त्यांनी लेख लिहिला, की गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नसतात. 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी तो एका जाणकाराकडे तपासायला दिला. नाव न सांगता त्या जाणकाराने दहा पानी शेरा पाठवला. आईन्स्टाईन यांना अशा तपासणीची सवय नव्हती. आपल्याला न विचारता लेख दुसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून त्यांनी तो परत घेतला आणि दुसऱ्या नियतकालिकाला दिला.

पण चूक होतीच. ती लक्षात आल्यावर त्यांनी छपाईच्या टप्प्यावर निष्कर्ष बदलला आणि मदतीबद्दल रॉबर्टसन या सहकाऱ्याचे लेखातच आभार मानले. गंमत अशी, की तो निनावी जाणकार रॉबर्टसनच होते! आईन्स्टाईन १९५५ साली वारले. त्यांना हे बहुधा कधी कळलंच नाही. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी यंत्रांनी प्रत्यक्ष टिपल्या.

पुस्तक मिटलं आणि मी माझा लेख पुन्हा उघडला. सगळ्यात मोठी लाल खूण जिथे होती, ती दोन उदाहरणं खरं तर माझ्या मैत्रिणीच्या वहीतली. मॅडमनी तिथे एवढंच विचारलं होतं, की ही कुठून घेतली. राग मला त्या प्रश्नाचाच आला होता, कारण उत्तर मला माहीत होतं.

राग येणारच, माणूस आहे. पण राग ओसरल्यावर आपण लेखात काय बदलतो आणि कोणाचं नाव लिहितो, खरी परीक्षा तिथे असते. मी तिचं नाव लिहिलं. लेख या अंकात आहे.