मुळांना हवा देणारे हॉवर्डसाहेब

भातखाचराच्या बांधावर तूर लावायची आपल्या कोकणपट्टीतली जुनी रीत. उपनगरात शेती आता थोडीच उरली, पण गोराई-मनोरीकडे किंवा आरेच्या पाड्यांवर जुन्या माणसांना विचारा, तूर खाचरात का नाही लावत? ते सांगतील, पाण्यात तिची मुळं कुजतात. हीच गोष्ट एका इंग्रज साहेबांनी आपल्या देशात मुळं उकरून तपासली. त्यांचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म 1873 साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजला शिक्षण घेऊन 1899 मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर पीकरोगतज्ज्ञ म्हणून गेले. तिथे उसाच्या, कोकोच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण तो करून बघायला स्वतःची जमीन नाही! हे त्यांच्या मनाला लागलं. आम्हा कृषी खात्याच्या माणसांनीही लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट.

1905 साली ते बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केलं. पुसा 4, पुसा 12 हे गव्हाचे वाण त्यांनीच दिले. साहेबांनी प्रथम प्रयोगासाठी जमीन मागून घेतली आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं काम बघत बसले. फवारणी नाही, विकतचं खत नाही, तरी पिकं निरोगी. तृणधान्यात कडधान्य मिसळून पेरायची पद्धत त्यांनी पाहिली आणि याच शेतकऱ्यांना गुरू मानलं.

तुरी-मुगाच्या मुळांवर गाठी असतात, हे आपण पाहिलं असेल. या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र घेऊन पिकाला देतात. बदल्यात पीक त्यांना साखर पुरवतं. हॉलंडचे बायरिंक यांनी 1888 मध्ये हा जिवाणू वेगळा काढला होता. पुढे 1920 साली पुसा येथेच एन. व्ही. जोशी यांनी आपल्या देशातील कडधान्यांच्या गाठींतील जिवाणूंवर काम केलं.

त्या काळात बिहारमध्ये जावा जातीच्या निळीचं पीक पावसाळ्यात मर लागून जात होतं. नीळही तुरीसारखीच शेंगावर्गीय. लोक म्हणत, रोग आला. हॉवर्ड दांपत्याने झाडं उकरली तर बारीक मुळं आणि गाठी मेलेल्या! पावसाने जमीन घट्ट बसली, पाणी साचलं, मुळांना हवा मिळेना. मर दिसत होती पानावर, पण दुखणं होतं मुळाशी.

1924 मध्ये ते इंदूरला गेले. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली. पैसा आला तो मुंबईच्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडून आणि मध्य भारतातल्या संस्थानांकडून. तिथे यशवंत वाड यांच्या सोबतीने त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची इंदूर पद्धत बसवली. 1931 साली दोघांचं पुस्तक निघालं. त्याआधीच, 1930 मध्ये, गॅब्रिएल वारल्या होत्या.

मायदेशी परतल्यावर 1934 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. रासायनिक खतांना त्यांनी कडाडून विरोध केला. पुष्कळ शास्त्रज्ञांना तो पटला नाही, वाद झाले. 1947 साली ते वारले. आज शेणखत, जिवाणू खत आणि रासायनिक खत यांचा मेळ घालावा असा सल्ला दिला जातो. पण मुळांना हवा हवी, हे त्यांचं म्हणणं कुणी खोडलेलं नाही.

आता यातून आपण काय घ्यायचं? रायझोबियमचं पाकीट आणलं, बियाण्याला चोळलं, तरी पीक पिवळं, अशी तक्रार होते. पाकिटाला दोष देण्याआधी चार गोष्टी बघा. एक, शेतात पाणी साचतं का? साचत असेल तर चर काढा, गादीवाफ्यावर पेरा. दोन, संवर्धन त्या पिकाचंच आहे ना, मुदत टळली नाही ना? तीन, बुरशीनाशक आधी लावा, जिवाणू शेवटी चोळा, बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. उन्हात ठेवलं की जिवाणू मेले. चार, युरिया जास्त टाकला की झाड गाठी कमी धरतं.

पीक फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड मुळासकट हलक्या हाताने काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम होत नाही. हॉवर्डसाहेबांनी मुळं उकरून पाहिली, तेव्हा दुखणं सापडलं. तुम्हीही या हंगामात एवढं कराच.